जंबेरीचा खुंट, संत्र्याचा डोळा

प्रश्न विचारणारे गृहस्थ नागपुरातल्याच एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. घरात देव्हारा नाही. मुलीला देवाधर्माचं काही शिकवायचं नाही, असं नवराबायकोनं लग्नाआधीच ठरवलेलं. तरी पाच वर्षांची पोर विचारते, "बाबा, पाऊस कोन पाडते?" दिवाळीनंतर घरातली मांजर मेली, तर आठवडाभर रोज संध्याकाळी तिचा एकच घोषा, तिला तिथं करमत असेल का. सासरेबुवा खूश. "पाहा, देव जन्मासोबतच येते माणसात." त्यातच गृहस्थांनी कुठंतरी वाचलं की मेंदूत देवाची जागा शास्त्रज्ञांना सापडली आहे. म्हणून ते विचारतात: धर्मश्रद्धा मेंदूत उपजतच असते का? आणि असली, तर आमचा हा सगळा खटाटोप फुकटच म्हणायचा का?

धंतोलीत मनोविकारांची प्रॅक्टिस करायला लागून मला अठ्ठावीस वर्षं झाली. त्याआधीची वर्षं मेडिकलमध्ये गेली. या प्रश्नाकडे मी पुस्तकांतून कमी आणि ओपीडीतून जास्त आलो, त्यामुळे उत्तरही तसंच येणार. आधी निकाल सांगतो, मग कारणं. धर्म घेऊन कोणी जन्माला येत नाही. पण धर्म ज्यांच्यावर चढतो त्या मनाच्या खोडी आपण सगळेच फार लहानपणापासून, काही तर जन्मतःच, घेऊन येतो. म्हणजे तुम्ही अर्धे बरोबर आणि सासरेबुवाही अर्धे बरोबर. जेवणाच्या टेबलावरचं भांडण यानं मिटणार नाही, याची कल्पना आहे.

आधी ती 'देवाची जागा' निकालात काढू. कॅनडातल्या सडबरी इथले मायकेल पर्सिंगर लोकांच्या डोक्यावर एक हेल्मेट चढवत. त्यातून अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र कानशिलांवर सोडलं जाई, आणि बरेच लोक सांगत की खोलीत आणखी कोणीतरी असल्यासारखं वाटलं. वर्तमानपत्रांनी त्याला देवाचं हेल्मेट म्हटलं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी हाच प्रयोग 89 विद्यार्थ्यांवर केला. चुंबक चालू आहे की बंद, हे बसलेल्यालाही माहीत नाही आणि बसवणाऱ्यालाही नाही, अशी काळजी घेतली. 2005 साली निष्कर्ष छापला. चुंबकाचा काही परिणाम नव्हता. ज्यांचा स्वभावच चटकन प्रभावाखाली येण्याचा होता त्यांना हेल्मेट बंद असतानाही कोणीतरी जाणवत होतं. पुढच्याच वर्षी माँट्रियलमध्ये मारिओ बोरगार यांनी कार्मेलाइट पंथाच्या 15 ख्रिस्ती जोगिणींना एमआरआयमध्ये झोपवून आयुष्यातला सर्वांत उत्कट ईश्वरानुभव आठवायला सांगितलं. मेंदूत एक ठिपका उजळेल अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती फसली. भावनांचे, शरीरभानाचे, स्मृतीचे असे कितीतरी भाग एकदम कामाला लागले होते.

मला त्यापेक्षा डेन्मार्कच्या उफे स्क्योट यांचा प्रयोग आवडतो. त्यांनी कट्टर श्रद्धाळू ख्रिस्ती मंडळींना स्कॅनरमध्ये घालून एकदा पाठ असलेली प्रार्थना म्हणायला लावली, एकदा आपल्या मनानं देवाशी बोलायला सांगितलं, आणि एकदा सांताक्लॉजकडे काहीतरी मागायला सांगितलं. मनानं बोलताना जे भाग जागे झाले ते आपण समोरच्या माणसाच्या मनात काय चाललंय हे ताडताना वापरतो तेच. सांताक्लॉजच्या वेळी ते तसे जागे झाले नाहीत, कारण सांताक्लॉज कोणी ऐकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. टेकडीच्या गणपतीसमोर उभी राहून "बाप्पा, पोराचं यंदा नीट परीक्षेचं पाहा जरा" म्हणणाऱ्या बाईच्या डोक्यात, माझ्या अंदाजानं, हेच होत असणार. ती नेहमीच्याच मेंदूनं, माणसांशी बोलायच्या यंत्रणेनं, बोलत असते. देवासाठी वेगळी तार ओढलेली नाही.

यावरून देव आहे किंवा नाही यातलं काहीच सिद्ध होत नाही, हेही इथंच सांगून टाकतो. आई समोर आली की मेंदूत काही भाग उजळतात. त्यावरून आई खोटी ठरत नाही, खरीही ठरत नाही.

आता एक केस. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोघींची एक केली आहे. उमरेडकडची तेविसेक वर्षांची सून. सासू घेऊन आली, तीही भगताकडून दोन वर्षं झाडून घेतल्यावर. तक्रार अशी की हिला देवी येते. मी विचारलं कधी येते, तर सासू म्हणाली, "कवाही येते जी. भाकर थापता थापता येते, एस्टीत येते, संडासात गेली तिकडं बी येते." माझे कान तिथंच टवकारले. मुलीला विचारलं, यायच्या आधी काय होतं? "पोटातून काहीतरी वर सरकते. कापूर जळाल्यावानी वास येते. मंग मले काही आठवत नाही." पुढचं सासूनं करून दाखवलं: डोळे एका जागी थिजलेले, ओठ चघळल्यासारखे हलतात, उजवा हात पदराचं टोक चाचपत राहतो. मिनिट दीड मिनिट. नंतर तासभर सुस्ती.

नवीन डॉक्टरांसाठी सांगतो, देवी संडासात येत नाही. अंगात येणं हा प्रकार मी शेकड्यांनी पाहिला आहे. ते आरतीला येतं, डाहाका वाजला की येतं, मंगळवारी, अवसेला, चारचौघांत येतं. देवी बोलते, भांडते, सुनेच्या तोंडून सासूला दोन शब्द सुनावते आणि कुंकू लावून घेऊन परत जाते. पडली तरी बाई सहसा चुलीवर पडत नाही. फिट मात्र मुहूर्त पाहत नाही आणि सांगण्यासारखं तिच्याकडे काही नसतं. या मुलीच्या ईईजीत उजव्या कानशिलाच्या बाजूला काटे दिसले. एमआरआयमध्ये त्याच बाजूचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीचं काम पाहणारा भाग, आक्रसलेला निघाला. गोळ्या सुरू केल्या, तीन महिन्यांत झटके जवळजवळ थांबले.

कानशिलाच्या भागातल्या अपस्माराचा, म्हणजे फिट्सच्या आजाराचा, आणि धार्मिक अनुभवांचा संबंध जुना आहे. लंडनच्या ड्यूहर्स्ट आणि बिअर्ड यांनी 1970 साली अशा सहा रुग्णांची नोंद केली की ज्यांची श्रद्धा अचानक उफाळून आली होती. रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्स्कीनं आपल्या झटक्याआधीच्या आनंदाबद्दल लिहून ठेवलंय. पण हे सगळं वाचून कोणी म्हणेल की धर्म म्हणजे मेंदूतला बिघाड, तर त्यानं आठवडाभर माझ्या ओपीडीत येऊन बसावं. अपस्माराच्या बहुसंख्य रुग्णांना कुठलाच देव दिसत नाही. त्यांना दिसतं ते शाळेतून काढलेलं नाव आणि मोडलेलं लग्न. या मुलीच्या मेंदूनं फक्त तीन गोष्टी दिल्या होत्या: पोटातली कळ, कापराचा वास आणि स्मृतीतला खड्डा. देवी तिला गावानं दिली. हेच झटके कोपनहेगनच्या मुलीला आले असते तर तिच्या आईनं रुग्णवाहिका बोलावली असती.

पुढचं मजेशीर आहे. झटके थांबल्यावर पहिल्याच नवरात्रात ही मुलगी पुन्हा घुमली. सासू घाबरी होऊन फोन करते, "गोळ्या लागू नाही झाल्या." मी विचारलं, ओठ चघळले का? नाही. काही बोलली का? "बोलली ना. म्हणे मले माहेरी पाठवत नाही." मी म्हटलं, काळजी करू नका, पाठवा माहेरी.

म्हणजे मेंदू काय देतो आणि गाव काय देतं, हे वेगळं करता येतं. माझं सगळं उत्तर या विभागणीवर उभं आहे, म्हणून आता मेंदूकडचा भाग जरा जवळून पाहू.

पहिली खोड: जिथं हालचाल दिसली तिथं करणारा दिसतो. 1944 साली हायडर आणि सिमेल यांनी एक छोटी चित्रफीत केली. दोन त्रिकोण, एक गोळा आणि दार असलेली एक चौकट, बस इतकंच इकडून तिकडं सरकतं. 34 जणांना दाखवून विचारलं, काय पाहिलं? एकानं फक्त भूमितीच्या भाषेत वर्णन केलं. बाकीच्यांनी मोठा त्रिकोण दांडगाई करतो, लहान जोडी पळून जाते, अशी गोष्टच सांगितली. जस्टिन बॅरेट यांनी पुढं या खोडीला धर्माशी जोडलं. रानात पाचोळा वाजला तर वारा समजून बसण्यापेक्षा वाघ समजून पळणं स्वस्त. चुकलं तर फक्त दम लागतो. असा जरुरीपेक्षा जास्त चौकस पहारेकरी मेंदूत बसला की रिकाम्या वाऱ्यातही त्याला कोणीतरी दिसणार. पेंच-ताडोब्याच्या आसपासच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मात्र एक सावधगिरी: हा पहारेकरी ज्यांचा जास्त तिखट, ते जास्त धार्मिक, असं मोजून पाहायला गेलेल्यांच्या हाती फारसं काही लागलेलं नाही. खोड आहे, पण तिच्यातून सरळ देव निघत नाही.

याचा एक अनुभव माझ्या स्वतःच्या पदरी आहे. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षी, रात्रपाळीनंतर भर दुपारी होस्टेलच्या खोलीत झोपलो होतो. डोळे उघडले, पंखा दिसतोय, खिडकीची गजंसुद्धा दिसतात, पण बोट हलत नाही. दारात कोणीतरी उभं. मग ते छातीवर येऊन बसलं. श्वास कोंडला. ओरडायचं तर आवाज नाही. किती वेळ गेला कोण जाणे, एकदम सुटलो तेव्हा गंजिफ्रॉक घामानं चिंब. माझा खोलीसोबती गडचिरोलीकडचा. त्यानं चहाचा कप तोंडाला लावत निदान केलं: "मुंजा बसला बे तुझ्यावर." आणि मी, शरीरक्रियाशास्त्रात चांगले मार्क पडलेला मी, त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपलो.

स्वप्नांच्या झोपेत मेंदू अंगातले स्नायू सैल सोडतो, नाहीतर आपण स्वप्नातली मारामारी गादीवरच केली असती. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायूंना मोकळीक नंतर मिळते. मधल्या वेळात भीतीची केंद्रं जागी असतात. न्यू फाउंडलंडमधले कोळी याला म्हातारी बसली म्हणत, जपानात कानाशिबारी म्हणतात, आपल्याकडे मुंजा, हडळ, जे गावात असेल ते. बिनचेहऱ्याचं 'कोणीतरी' सगळीकडे सारखंच, नावगाव तेवढं स्थानिक. स्वित्झर्लंडच्या ओलाफ ब्लांके यांच्या चमूनं 2006 मध्ये एका अपस्माराच्या रुग्णबाईच्या मेंदूत, डाव्या कानशिलाच्या वरच्या-मागच्या सांध्यावर, हलका विद्युतप्रवाह दिला, तर तिला पाठीमागं सावलीसारखं माणूस जाणवू लागलं. ती बसली की तेही बसायचं. आपल्याच शरीराची जाणीव जागा चुकली की दुसरं कोणीतरी तयार होतं. हे ज्ञान मला त्या दुपारी असतं तरी दिवा मी चालूच ठेवला असता.

दुसरी खोड तुमच्या मुलीची. पाऊस कोण पाडतं, हा प्रश्न तिनं शाळेतून आणला नाही, टीव्हीवरूनही नाही. डेबोरा केलेमन यांनी अमेरिकेतल्या लहान मुलांना विचारलं, हे खडक टोकदार का आहेत? मुलांनी सांगितलं, प्राण्यांना खाज सुटली की अंग घासता यावं म्हणून. मुलांच्या लेखी प्रत्येक वस्तू कशासाठी तरी असते. नंतर दिसलं की मोठ्यांना घाईनं उत्तर द्यायला लावलं तर तेही याच वळणावर जातात. 2013 च्या एका अभ्यासात घाई केल्यावर पेशानं शास्त्रज्ञ असलेलेही घसरले. चीनसारख्या देशात, जिथं बहुतेक लोक स्वतःला कुठल्या धर्माचे म्हणवत नाहीत, तिथंही हा कल सापडला. म्हणजे ही खोड धर्मातून येत नाही. धर्म तिच्यावर येतो.

मला यातला सर्वांत हलवून टाकणारा निष्कर्ष अल्झायमरच्या रुग्णांवरचा वाटतो. 2007 मध्ये लोम्ब्रोझो, केलेमन आणि झैचिक यांनी दाखवलं की स्मृतिभ्रंशात आयुष्यभराचं शिक्षण विरत गेलं की माणसं पुन्हा लहान मुलांसारखी 'कशासाठी' वाली उत्तरं पसंत करू लागतात. हे वाचल्यावर मला माझे एक जुने पेशंट आठवले. निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ, पक्के नास्तिक. बायको गेली तेव्हा भटजीला फाटकातूनच परत पाठवलेलं. आजार वाढल्यावर मुलगी त्यांना व्हीलचेअरवर घेऊन येई. मुद्दाम नाही, सहजच विचारलं, काका, डोंगर कशानं होतात? ज्यांनी जन्मभर डोंगरच मोजले, ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "ढगांना टेकायला लागते ना काही." मुलगी रडू लागली. पण माझ्या मनात दुसरंच राहिलं. या माणसानं शेवटपर्यंत हात जोडले नाहीत, कुठल्या देवाचं नाव घेतलं नाही. शिक्षण गेल्यावर 'कशासाठी' उरलं. देव उरला नाही, कारण तो तिथं कधी लावलेलाच नव्हता.

इथं मला आमच्या काटोलकडच्या बगिच्याबद्दल सांगायचंय. विदर्भाबाहेर अनेकांना वाटतं की संत्र्याचं झाड संत्र्याच्या बीपासून होतं. आम्ही आधी जंबेरीचं बी टाकतो. जंबेरी म्हणजे जाड सालीचं, आंबट ढाण, काटेरी लिंबू. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर वर चाकूनं साल चिरायची, तिच्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे संत्र्याच्या फांदीवरचा कोंब, सरकवायचा, पट्टीनं आवळून बांधायचा. डोळा फुटला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटून टाकायचा. पुढं वीस वर्षं लोक ज्याला संत्र्याचं झाड म्हणतात त्याची मुळं लिंबाची असतात. बाबांची सवय होती, बगिच्यात फिरताना बोलता बोलता प्रत्येक बुंध्याशी वाकायचे आणि डोळ्याच्या खालून फुटलेली कोवळी हिरवी फूट अंगठ्यानं मोडायचे. तिच्या पानाला लिंबाचा वास. ती ठेवली तर दोन-तीन वर्षांत सगळं झाड ताब्यात घेते, वरचं संत्रं वाळून जातं.

मेंदूच्या खोडी म्हणजे जंबेरीचा खुंट. सगळीकडे सारखा, चिवट, स्वतःची अशी गोड फळं नसलेला. डोळा कुठला भरायचा ते गाव, घर, काळ ठरवतो. बाहेरची मंडळी या विषयावर नेहमी भाषेची उपमा देतात: बोलायची क्षमता उपजत, मराठी की तेलुगू ते घर ठरवतं. ती मला अर्धीच पटते. धडधाकट मूल माणसांत वाढलं आणि त्याला कुठलीच भाषा आली नाही, असं होत नाही. देवाशिवाय वाढलेली, नांदलेली, नातवंडं खेळवून गेलेली माणसं मात्र हवी तेवढी आहेत. आपल्याकडे चार्वाक आहेत. जैनांना जगाचा कर्ता मान्य नाही. सांख्य आणि मीमांसा ही वैदिक म्हणवणारी दर्शनं, तीही ईश्वरावाचून चालतात. खुंटावर डोळा भरलाच नाही तर झाड मरत नाही, जंबेरीचं होतं.

मांजरीचा प्रश्न वेगळा हाताळायला हवा, कारण तो मृत्यूचा आहे. जेसी बेरिंग आणि ब्योर्कलंड यांनी मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवला: मगर उंदराच्या पिल्लाला खाऊन टाकते. मग विचारलं, आता त्या उंदराला पुन्हा कधी खावं लागेल का, त्याचा मेंदू चालतोय का? नाही, म्हणाली मुलं. त्याचं आईवर प्रेम आहे का अजून? हो, म्हणाली बरीच मुलं. शरीर संपलं हे कळतं, मन संपलं हे कल्पनेत येत नाही. आपलं स्वतःचं मन नसणं कोणी अनुभवलंय? मादागास्करमधल्या वेझो कोळ्यांमध्ये रिटा आस्तुती आणि पॉल हॅरिस यांना आणखी बारीक गोष्ट दिसली. दवाखान्याच्या संदर्भात मेलेल्या माणसाबद्दल विचारलं की लोक म्हणत, सगळं संपलं. थडग्याच्या, पूर्वजांच्या संदर्भात विचारलं की त्याचं मन काही अंशी अजून जागं आहे, असं सांगणारे जास्त निघत. मला हे अजिबात नवल वाटत नाही. मी स्वतः आईच्या मृत्यूच्या दाखल्यावर सही केलेली आहे आणि त्यानंतर दहाव्या दिवशी रामटेकच्या अंबाळ्यावर पिंडाला कावळा शिवत नाही म्हणून घामाघूम होऊन उभा राहिलेलो आहे. आईला काय हवं असेल, हेच डोक्यात. शेवटी बहिणीनं "माय, तुझ्या नातीचं लग्न आम्ही करू" असं मोठ्यानं म्हटलं आणि कावळा आला. कावळा दशम्यांच्या वासानं आला, हे मला कळतं. मला त्या क्षणी हायसं वाटलं, हेही कळतं.

बगिच्याकडे जाताना काटोल रोडवर जुनापाणी लागतं. रस्त्यापासून जरा आत गेलं की झुडपांत दगडांची वर्तुळं आहेत, सुमारे 300. लोहयुगातली दफनं. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्यानं ती उकरली तेव्हा मेलेल्यांसोबत लोखंडी कट्यारी, कुऱ्हाडी, घोड्याचे लगाम निघाले. त्या लोकांची भाषा, त्यांच्या देवांची नावं, काही म्हणजे काही उरलेलं नाही. पण कोणीतरी, लोखंड मोलाचं असताना, मेलेल्याला कट्यार लागेल म्हणून ती मातीत घातली. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचंच ते उत्तर होतं, त्यांच्या परीनं.

जनुकांबद्दल थोडक्यात. 2004 मध्ये डीन हेमर यांनी व्हीएमएटी-2 नावाच्या जनुकाला देवाचं जनुक ठरवलं होतं, ते टिकलं नाही. जुळ्यांचे अभ्यास जास्त भरवशाचे. मिनेसोटातल्या जुळ्यांवरचा 2005 चा अभ्यास सांगतो की लहानपणीच्या धार्मिकतेतल्या फरकांपैकी जेमतेम 12 टक्के फरक जनुकांच्या खात्यात जातो आणि मोठेपणी 44 टक्के. लहानपणी घर ठरवतं. घर सुटल्यावर ज्याचा त्याचा पिंड डोकं वर काढतो. इथं मोजलंय ते किती तळमळीनं मानतो, ते. कोणाला मानतो हे जनुकात नसतं.

आणि पुरावा हवा असेल तर नागपूरकराला स्कॅनर लागत नाही. बाबासाहेबांनी 1935 साली येवल्यात सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि 14 ऑक्टोबर 1956 ला इथं दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. मधली एकवीस वर्षं वाचन, तुलना, वादविवाद यांत गेली. झटका नाही, साक्षात्कार नाही. बावीस प्रतिज्ञांतल्या पहिल्या तीन देवांना न मानण्याच्या आहेत, आणि श्राद्ध, पिंडदान करणार नाही अशीही एक आहे. म्हणजे करणारा दिसण्याची खोड आणि मेलेल्याचं मन उरतं असं वाटण्याची खोड, नेमक्या त्यांच्यावरच चाकू चालवलेला. डोळा विचारपूर्वक बदलता येतो, लाखो लोकांत, एका पिढीत बदलता येतो, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला जगात माहीत नाही. आमच्या दवाखान्यात बरीच वर्षं काम केलेल्या एक सिस्टर इंदोऱ्याच्या. त्यांच्या आजीनं त्या आठवड्यात घरचे देव गाठोड्यात बांधून विहिरीत सोडले. परत कधी पूजा केली नाही, मरेपर्यंत नाही. पण पुढं वर्षभर त्या विहिरीवरून जाताना तिचा हात आपोआप पदर डोक्यावर घ्यायचा, आणि लक्षात आलं की ती स्वतःवरच चिडायची. सिस्टर हे हसत हसत सांगत. त्यांचा स्वतःचा हात तसा कधी गेला नाही.

मग डोळा टिकतो कशानं? जोसेफ हेन्रिक यांचं म्हणणं मला पटतं: मुलं मोठ्यांचं बोलणं कमी आणि पदराला खार लावून केलेलं वागणं जास्त उचलतात. उपदेश कोणीही करतो. नवरात्रात अनवाणी कोराडीपर्यंत चालत जाणारी आई काही न बोलता सांगते की हे खरं आहे. तुमच्या घरात कोणी काही सोसून मानत नाही, म्हणून मुलीच्या खोडीवर डोळा भरला जात नाही. आजोबांनी तिला रोज टेकडीला नेलं, उपास धरला, तर चित्र वेगळं दिसेल. मुलांच्या बाबतीत प्रयोग हाच चालू असतो, आपण नाव काहीही देऊ.

एक आडवाट घेतो. कामठीच्या ताजुद्दीनबाबांना 1892 मध्ये नागपूरच्या पागलखान्यात ठेवलं होतं. सोळा वर्षांनी, 1908 मध्ये, राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना बाहेर काढून शक्करदऱ्याला आपल्या वाड्यावर नेलं. आज ताजबागच्या उरुसाला सगळ्या धर्मांची माणसं लोटतात. मी मेलेल्या माणसांचं निदान करत नाही, ती वाईट सवय आहे. पण बाबांचा मेंदू 1908 च्या त्या दिवशी बदलला नसणार. बदललं ते त्यांच्याकडे पाहणारं शहर. माझ्या ओपीडीत उलटं चालतं. भ्रमाचे रुग्ण मी लागलो तेव्हा सांगत, भावकीनं करणी केली. आता सांगतात, मोबाईलमधून माझे विचार कोणीतरी वाचतंय. करणारा तसाच आहे, पडद्यामागं, सगळं पाहणारा. त्यानं फक्त कपडे बदलले.

या क्षेत्रात मीही तोंड पोळून घेतलंय. 2012 मध्ये एका नामांकित नियतकालिकात आलं होतं की चिकित्सक विचार करायला लावणारं, विचारात बुडालेल्या माणसाच्या शिल्पाचं चित्र नुसतं पाहिलं तरी लोकांची श्रद्धा जरा घटते. मी ते दोन भाषणांत ठोकून सांगितलं. पुढं इतरांनी तोच प्रयोग मोठ्या संख्येवर केला तेव्हा तसं काही आढळलं नाही, आणि मूळ संशोधकांनीही ते मान्य केलं. म्हणून माझ्या उत्तरातही ज्यावर मी ठाम आहे ते एवढंच: एकच एक जागा नाही, खोडी आहेत, आणि त्यांच्यावर काय वाढेल ते आधी ठरलेलं नाही.

तुमच्या खटाटोपाबद्दल. तो फुकट नाही, पण एकदा करून संपणाराही नाही. बगिच्यात माझ्या बाबांना दर पावसाळ्यात वाकावं लागे. मुलीनं पाऊस कोण पाडतं विचारलं की "कोणी नाही" म्हणून दार लावू नका. पातेल्यात पाणी उकळा, वर थंड झाकण धरा, थेंब पडू द्या. तिच्या प्रश्नातला 'कोण' मग 'कसा' होतो, आपल्या आपण, पण वेळ लागतो. मांजरीच्या बाबतीत मात्र पातेलं काढू नका. ती करमतंय का विचारते तेव्हा तिला स्वतःलाच करमत नसतं. शेजारी बसा, मांजरीच्या दोन आठवणी सांगा. आणि एक वही करा. तिला विचारा, आता मांजरीला भूक लागत असेल का? तिला तुझी आठवण येत असेल का? तिचं उत्तर शब्दाला शब्द लिहा, खाली तारीख घाला. दोन वर्षांनी तेच दोन प्रश्न पुन्हा विचारा, आणि आजोबांनाही विचारा, वेगवेगळ्या खोलीत बसवून. काय निघालं ते मला नक्की कळवा.